टँकर आला असता लढाई संपली की थांबली

प्रति,
मा. समन्वय अधिकारी,
टँकर नियंत्रण कक्ष (टंचाई),
छत्रपती संभाजीनगर.

अर्जदार : मुकुंद गोविंद धारूरकर, बी.कॉम., वय चोपन्न, व्यवसाय नोकरी, राहणार श्रमसाफल्य कॉलनी, बजाजनगर.

विषय : पाण्याच्या टँकरसाठी उठलेल्या खेळाडूची कार्डांची लढाई संपली असे न धरता थांबली असे धरण्यात यावे, याबाबत लेखी खुलासा मिळणेबाबत.

संदर्भ : १) 'गडसंग्राम' या खेळाच्या पुडक्यातील नियमपत्रक.
२) याच विषयावर क्रीडा खात्याकडे केलेला अर्ज व त्यास मिळालेले तोंडी उत्तर.
३) टँकरच्या रांगेत श्रीमती गोजरबाई यांनी वेळोवेळी काढलेले उद्गार.

महोदय,

अर्जदार आपल्या सेवेशी सादर करतो, की हा अर्ज आपल्या कक्षाचा नाही असे आपणास पहिल्या ओळीतच वाटेल. क्रीडा खात्यालाही तसेच वाटले होते. तेथील सद्गृहस्थ अर्ज वाचून म्हणाले, "पत्ते खेळात येत नाहीत, पत्ते पोलिसांत येतात." अर्जदारास पोलिसांत जायचे नाही. ज्याच्याविरुद्ध जायचे तो अर्जदाराचा मित्र आहे, किंवा होता. यांपैकी कोणते, ते या अर्जाच्या निकालावर अवलंबून आहे. आपल्याकडे येण्याचे कारण इतकेच, की तंटा पाण्यावरून उद्भवला असून त्या दिवशीचा टँकर आपल्या कक्षाकडून आला होता. तो आला याबद्दल तक्रार नाही. मात्र तो न येता तर बरे झाले असते, असे म्हणण्याची वेळ बजाजनगरात आजवर कोणावर आली नसावी.

मागणी एकच आहे. सदर लढाई संपलेली नाही, ती थांबलेली आहे, असे कोणीतरी सही-शिक्क्यानिशी लिहून द्यावे. हकीकत पुढीलप्रमाणे.

१. 'गडसंग्राम' हा जमवायच्या कार्डांचा खेळ आहे. औरंगपुऱ्यात खेळण्यांच्या दुकानात त्याची बंद पुडकी मिळतात व आत काय निघेल ते फोडल्याशिवाय कळत नाही. हत्ती, घोडदळ, हेर, गड, तोफ, रसद अशी कार्डे असतात. दोघांनी समोरासमोर बसून ती मांडायची व पाळीपाळीने एकमेकांची पाडायची. चित्र वर असेल तर कार्ड उभे, पालथे घातले की पडले. रसदेचे कार्ड टाकले की पडलेले पुन्हा उभे करता येते. जिंकणाऱ्याने हरणाऱ्याच्या कार्डांतून मनास येईल ते एक कायमचे घ्यायचे.

कार्डे मूळची अर्जदाराचा मुलगा मंदार याची. तो पुण्यास नोकरीला गेला तेव्हा त्याने लॅपटॉप नेला व कार्डांचा डबा ठेवला. सौ. कालिंदी, म्हणजे अर्जदाराची पत्नी, तो डबा रद्दीत घालणार होती. तो अर्जदाराने व शेजारी श्री. अजिनाथ बिरू देवकाते यांनी वाचवला. त्या वेळी दोघेही पन्नाशीला टेकले होते, ही माहिती सौ. कालिंदी पाहुण्यांना कोणी न विचारता देते.

लढाई कधी संपते याविषयी नियमपत्रक म्हणते : (क) एखाद्याचे एकही कार्ड उभे राहिले नाही तर, किंवा (ख) पाळी आलेला खेळाडू खेळला नाही तर. पाळी आलेल्या खेळाडूसाठी किती वेळ थांबावे, याबाबत पत्रक गप्प आहे. ते बहुधा रोज नळाला पाणी येणाऱ्या गावी छापलेले असावे.

२. वादातील लढाई दसऱ्याला सुरू झाली. दोन्ही बाजूंनी नवी पुडकी आणून रसद चालू ठेवल्याने ती उन्हाळ्यापर्यंत टिकली. या मुदतीत कॉलनीतले एक लग्न ठरून मोडले व मोडलेले परत ठरले. मोठ्या जलवाहिनीसाठी आमची गल्ली खणण्यात आली आणि आणून टाकलेल्या नळ्या, पाणी येईतोवर, कुत्र्यांना सावलीसाठी उपलब्ध झाल्या. पलीकडे ज्वारीचे रान होते तेथे इमारती उभ्या राहून त्यांना फुलांची नावे देण्यात आली. लढाई चालूच होती.

वस्तुस्थिती पूर्ण असावी म्हणून नमूद करतो, की संक्रांतीपासून अर्जदाराच्या हातात तोफेचे कार्ड होते. ते टाकले असते तर अजिनाथ यांचा गड त्याच दुपारी पडला असता. कोणते कार्ड केव्हा टाकावे हा खेळाडूचा अधिकार आहे. याबाबत जास्त खुलासा करण्याची अर्जदारास गरज वाटत नाही.

३. श्री. अजिनाथ यांच्याविषयी. हे मूळचे आष्टीकडचे. वडील बिरूबुवा मेंढरे राखत. अजिनाथ स्वतः वाळूजच्या कारखान्यात फोर्कलिफ्ट चालवतात आणि अर्जदार त्याच कारखान्याच्या स्टोअरमध्ये बसतो. त्यांनी माल आणायचा, अर्जदाराने तो बरोबर आहे असे म्हणायचे, असा अनेक वर्षांचा व्यवहार असून त्यात कधी तंटा नाही. कॉलनीत ते भाड्याने, अर्जदाराच्या भिंतीला भिंत लावून राहत. खेळ त्यांच्याच ओट्यावर चाले, कारण तेथे दुपारनंतर सावली येते.

मागच्या एका दुष्काळात, दोघे रांगेत उभे असताना पुढे दोन बाया हंड्यावरून हातघाईवर आल्या. तेव्हा अजिनाथ यांनी जे सांगितले ते अर्जदार शब्दशः उतरवतो. "भाऊ, आमच्यात असं नसतंय. माझ्या बापाचं आन् एका दुसऱ्या मेंढक्याचं चराईवरून लई वैर. एकमेकाच्या जिवावर उठलेले. पर पाणवठ्यावर एकाचं मेंढरू पीत असलं, की दुसरा काठी खाली ठिवून लांब बसायचा. पाण्यावर असलेल्याला हात लावायचा नाय. पिऊन झाल्यावर मग काय करायचं ते करा."

अर्जदारास हे फार पटले. त्यातून व रांगेच्या रूढीतून कॉलनीचा एक अलिखित कायदा झाला. रांगेची रूढी आपणास ठाऊक असेलच : माणूस कामाला गेला तरी त्याची कॅन जागेवर असली, की माणूस जागेवर आहे असे धरतात. तसेच पाण्यासाठी उठलेला माणूस उठला असे धरत नाहीत. जेवणावरून उठला तर त्याचे ताट हलवत नाहीत. बोलण्यातून उठला तर त्याच्यामागे विषय बदलत नाहीत. लग्न मोडल्याचे वर लिहिले आहे, त्या बैठकीतही मुलीचा मामा टँकरला गेला म्हणून सगळे न बोलता बसून राहिले होते व तो ओल्या पायांनी परत आल्यावरच लग्न मोडण्यात आले. सांगायचे असे, की अर्जदार ज्या कायद्यावर विसंबला तो त्यास शिकवणारा इसम आणि तो मोडणारा इसम एकच आहे.

४. प्रत्यक्ष घटना. रविवारची दुपार होती. अजिनाथ यांनी चाल केली व पाळी अर्जदाराची आली. इतक्यात टँकरचा भोंगा वाजला. दोन्ही घरांचे पाणी एकाने आणायचे व दुसऱ्याने कार्डांपाशी बसायचे, अशी आमची रीत आहे. आमच्याकडे उन्हाळ्यात वावटळ उठते व हत्तीसुद्धा उडून नालीत जातो. जाण्याची वेळ अर्जदाराची होती. अर्जदाराने हातातली कार्डे खुर्चीवर पालथी ठेवली, त्यांवर चष्म्याचे घर ठेवले, आणि स्वतःच्या कॅनसोबत अजिनाथ यांची निळी कॅनही घेऊन तो रांगेत गेला. चष्म्याचे घर जागेवर होते, हे कृपया लक्षात घ्यावे.

पाइप त्या दिवशी गळत होता. लोक गळतीखाली तांबे धरत होते. अर्जदाराने आधी अजिनाथ यांची निळी कॅन भरली, मग स्वतःची. हा क्रम अर्जदाराने का पाळला हे त्यालाही सांगता येणार नाही. तो नेहमीच तसा पाळला जाई.

भरलेली कॅन ओट्यावर ठेवताना अर्जदाराच्या दृष्टीस पडले, की मैदान आवरलेले आहे. अजिनाथ यांची कार्डे त्यांच्या डब्यात गेली होती व डब्याला रबर लावले होते. अर्जदाराची कार्डे नीट लावून खुर्चीवर ठेवली होती व वर चष्म्याचे घर होते. अजिनाथ यांच्या हातात तोफ होती.

अर्जदारास प्रथम ती थट्टा वाटली. तो हसलाही. हसलेले परत घेता येत नाही, अन्यथा अर्जदार तेवढे तरी घेता.

अजिनाथ म्हणाले, "तुमची पाळी व्हती भाऊ, तुम्ही नव्हता. संपली लढाई."

अर्जदार म्हणाला, "अरे, मी तुझंच पाणी भरत होतो ना?"

त्यावर त्यांनी उत्तर दिले नाही. कार्डाकडे बघत एवढेच विचारले, "ही तोफ कवापासून हाये तुमच्याकडं?"

त्यावर अर्जदाराने उत्तर दिले नाही. उभय पक्षांनी एकेक प्रश्न अनुत्तरित ठेवला असल्याने त्या मुद्द्यावर अर्जदाराचे काही म्हणणे नाही. अजिनाथ कॅन उचलून आत गेले. आत जाताना त्यांनी कॅन दोन्ही हातांनी धरली होती, वास्तविक ते ती नेहमी एका हाताने नेतात.

५. पुढच्या रविवारी त्यांच्या दाराशी टेम्पो उभा होता.

महोदय, मूळ तक्रार येथून सुरू होते. अजिनाथ यांनी बीड बायपासकडे फ्लॅट घेतला होता. हे गोजरबाईंना माहीत होते. गोजरबाई आमची रांग लावतात, त्यामुळे त्यांना सर्वच माहीत असते, हे समजण्यासारखे आहे. पण टेम्पोवाल्याला माहीत होते, कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीला माहीत होते, आणि सौ. कालिंदीला अजिनाथ यांच्या पत्नी सौ. शालू यांनी पाडव्यालाच सांगून ठेवले होते. दर रविवारी ज्याच्या समोर बसायचे त्या एकट्याला सोडून हे सर्वांना माहीत होते. अर्जदाराने घरात विचारणा केली असता सौ. कालिंदीने भाजी निवडत सांगितले, "तुम्हाला आधी सांगितलं असतं, तर तुम्ही कुठेतरी अर्ज केला असता."

हे विधान अर्जदारास अन्यायकारक वाटते.

६. अर्जदार दोन रविवार थांबला. कार्डे मांडून ओट्यावर बसण्याचाही प्रयत्न केला. पण एकट्याने बसले असता दोन्ही बाजूंची पाळी आपलीच येते व त्यात रस राहत नाही. तिसऱ्या रविवारी अर्जदार स्कूटरवर बायपासला गेला. इमारतीचे नाव एका फुलाचे असून ते फूल मराठवाड्यात उगवत नाही. वॉचमनने विचारले, "काम क्या है?" अर्जदाराने "लड़ाई" असे सांगितल्यावर त्याने काही वेळ अर्जदाराकडे, मग स्कूटरकडे पाहिले व बसायला खुर्ची दिली.

अजिनाथ खाली आले. ते नवीन शर्टात होते. आम्ही दोघे गेटपाशी उभे असताना तेथेही टँकरच आला. मात्र भोंगा न वाजवता त्याने मागे जाऊन जमिनीखालच्या टाकीत पाइप सोडला. कोणी धावले नाही, कोणी खिडकीतही आले नाही. अजिनाथ ते पाहत म्हणाले, "बगा, इथं कुनाला उठावंच लागत नाय." हे ते ज्या आवाजात बोलले, तो आवाज फ्लॅट घेतलेल्या माणसाचा नव्हता, असे अर्जदाराचे नम्र मत आहे. तथापि मत हा पुरावा नसल्याने त्यावर भर देत नाही.

अर्जदाराने त्यांना सरळ विचारले, की पाण्यावर असलेल्याला हात लावायचा नाही असे तूच सांगितले होतेस, मग लावलास कसा. तेव्हा ते चपलेने खडी सारत म्हणाले, "भाऊ, आमच्यात आनखी एक हाये, ते तुम्हाला सांगायचं ऱ्हायलं. तळ हलवायचा असला, की मागं काय अर्धं ठिवायचं नाय. चूल इझवायची, उसनं फेडायचं, पैज लागली असंल तर तिथंच मिटवायची. अर्धं ठिवून निघालं की पुढच्या तळावर मेंढरं टिकत नाय म्हनायचा माझा बा." मग म्हणाले, "खरं सांगून खेळलो असतो, तर तुम्ही लढाई संपूच दिली नसती. तोफ हातात घेतली तवा तर पक्कंच समजलं."

म्हणजे त्यांनी एक रीत मोडली ती दुसरी पाळण्यासाठी, असा त्यांचा बचाव आहे. दोन्ही रीती त्यांच्याच घरच्या आहेत. अर्जदारास फक्त पहिली शिकवण्यात आली होती व दुसरी राखून ठेवण्यात आली होती. एखाद्याला निम्मा कायदा सांगायचा आणि उरलेल्या निम्म्याने त्याला हरवायचे, यास काय म्हणतात, ते आपणास माहीत असल्यास कळवावे. अर्जदारास ते माहीत आहे, पण तो शब्द अर्जात लिहीत नाहीत.

यानंतर त्यांनी शर्टाच्या खिशातून तोफ काढून पुढे केली. "घ्या भाऊ माघारी. मला काय करायची."

अर्जदाराने ती घेतली नाही. कार्ड हे जिंकलेल्या लढाईचे असते. ते परत घेतले तर लढाई झाली, संपली, आणि जिंकणाऱ्याने मोठ्या मनाने परत दिले, असे तिन्ही कबूल केल्यासारखे होते. अर्जदाराचे म्हणणे आहे, की तोफ अजून अर्जदाराच्या हातातलीच आहे. ती फक्त बायपासला आहे.

हे समजावून सांगितल्यावर अजिनाथ म्हणाले, "लई किचकट मानूस हायेत तुम्ही." एवढे बोलून ते वर गेले. चहाला या म्हणाले नाहीत. अर्जदारही, बोलावले असते तर गेला नसता. पण बोलवायला पाहिजे होते.

७. आता निळ्या कॅनबद्दल, कारण त्याविरुद्ध आपल्या कक्षाकडे तक्रार आली असण्याची शक्यता आहे. निघताना सौ. शालू यांनी ती कॅन, तिकडे लागत नाही म्हणून, सौ. कालिंदीला देऊन टाकली. अर्जदार ती प्रत्येक टँकरला आपल्या कॅनपुढे रांगेत ठेवतो. तिची जागा पूर्वी जेथे होती तेथेच ठेवतो, पुढे सरकवत नाही.

गोजरबाईंचा यास विरोध आहे. त्यांनी भर रांगेत विचारले, "गेलेल्या मानसाची कॅन कशाला ठिवता भाऊ? जिता हाये त्याला मेल्यावानी करायलाव." अर्जदाराने रांगेचा कायदा त्यांनाच ऐकवला : कॅन जागेवर तर माणूस जागेवर. हा कायदा त्यांनीच चालवलेला असल्याने त्यांची थोडी अडचण झाली. कॅन भरल्यावर अर्जदारास त्या पाण्याचा उपयोग नसतो. ते गोजरबाई आपल्या माठात ओतून नेतात. नेताना दर वेळी म्हणतात, "पानी नेते, पर हे बरं दिसत नाय." पाणी वाया जात नाही, हे आपल्या कक्षाने समाधानाने नोंदवावे.

तरी परवा रांगेतल्या काही लोकांनी कॅन उचलून बाजूला ठेवली. गोजरबाईंनी ती पुन्हा जागेवर आणून ठेवली व नंतर अर्जदाराकडे पाहिले नाही. मात्र पावसाळा लागला, टँकर बंद झाले, रांगच उरली नाही, तर ती कॅन कोठे ठेवायची हा प्रश्न आहे. जलवाहिनीत पाणी आले तर तो अधिकच गंभीर होईल. शहर वाढते आहे, हे अर्जदारास मान्य आहे. घरोघर नळ यावा, असे त्याचेही मत आहे. त्याचे म्हणणे इतकेच, की तोवर कागद हाती पडावा.

सबब अर्जदाराची प्रार्थना अशी, की

(अ) टँकरसाठी उठलेला खेळाडू गैरहजर धरता येत नाही; अशा प्रसंगी लढाई थांबते, संपत नाही; व थांबलेली लढाई किती काळ थांबू शकते यास मर्यादा नाही, असा लेखी खुलासा मिळावा.

(ब) मागे काही अर्धे ठेवू नये, ही श्री. अजिनाथ यांची रीत अर्जदारास मान्य आहे. त्याच रीतीने, लढाई अर्धी आहे असे ठरल्यास, ती पुरी करण्यासाठी त्यांना परत यावे लागेल. आपला खुलासा त्यांनाही पाठवावा. टपालाने न पाठवता तिकडे जाणाऱ्या टँकरच्या ड्रायव्हरजवळ द्यावा व त्याला तेवढ्यापुरता भोंगा वाजवण्यास सांगावे. ते उठतील.

(क) तोवर निळी कॅन रांगेतून कोणी हलवू नये.

लढाई पुन्हा सुरू झाल्यास पहिली पाळी अर्जदाराची आहे. तोफ त्यांच्याकडे असल्याने ती टाकता येणार नाही, त्यामुळे लढाई पुष्कळ चालेल, याची आपण काळजी करू नये.

कळावे.

आपला नम्र व अद्याप पाळीवर असलेला,

(सही)
मुकुंद गोविंद धारूरकर

ठिकाण : बजाजनगर
दिनांक : २७ मे २०२४

सोबत :
१) नियमपत्रकाची छायाप्रत.
२) खुर्चीवर ठेवलेल्या चष्म्याच्या घराचे छायाचित्र. घटनेनंतर काढलेले, पण जागा तीच.
३) प्रत माहितीसाठी : श्री. अजिनाथ बिरू देवकाते, बीड बायपास.
४) निळी कॅन पुरावा म्हणून जोडता आली नाही. ती रांगेत आहे.